तिकीट बंद न करणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

स.न.वि.वि.

ताई, आमच्या वाचनालयाची साइट ज्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर आहे, तिच्या सपोर्टवर तुम्ही काम करता. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे घालत नाही. ‘हे आमच्या कामात बसत नाही’ म्हणून तिकीट (म्हणजे आमची नोंदवलेली तक्रार) बंद करायची सोय असताना तुम्ही ते उघडं ठेवलंत, हे तुमच्या साहेबांना रुचेलच असं नाही.

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची गावातल्याच एका विद्यार्थ्यानं २०११ साली पीएचपीत (वेबसाइट बनवायच्या एका संगणकी भाषेत) करून दिली होती. सर्व्हरवर पीएचपी ५.६ होतं. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ अखेरीसच थांबल्या, तेव्हा ते बदलायलाच हवं होतं, याबद्दल वाद नाही. पण होस्टिंग कंपनीनं एका रात्रीत आम्हाला थेट पीएचपी ८ या नव्या आवृत्तीवर नेलं, आणि आधी आलेल्या मेलमध्ये ‘आपल्याला काही करावे लागणार नाही’ असं छापलेलं! सकाळी बघतो तर पान पांढरंफटक. काय बिघडलं याची एक ओळसुद्धा नाही.

सपोर्टवर आधी भेटलेल्यांचं उत्तर एकच: सर्व्हर चालू आहे, कोड तुमचा. तुम्ही मात्र एरर लॉग (सर्व्हरची चुकांची वही) उघडलात आणि तिथली ओळ मला मराठीत समजावलीत. डेटाबेसशी जोडणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शन्स पीएचपी ७ मध्येच, म्हणजे २०१५ साली, काढून टाकलेली. आमचा सगळा कोड त्यांच्यावर उभा. त्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ ही नवी फंक्शन्स कशी घालायची हे तुम्ही एका फाइलमध्ये करून दाखवलंत. उरलेल्या फाइली आमच्या ग्रंथपालांच्या मुलानं केल्या.

साइट उघडली, पण मराठी गेली. पुस्तकांच्या नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ‘ए’ची रांग आणि मधे मधे कसलीशी चिन्हं. खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘आज नवीन नोंद केली का?’ आणि लगेच, ‘करू नका.’ त्या एका वाक्याचं मोल मला नंतर कळलं.

आमची टेबलं (डेटाबेसातले माहितीचे तक्ते) ‘लॅटिन-१’ची, म्हणजे इंग्रजीसारख्या युरोपीय भाषांच्या अक्षरसंचाची; आत भरलेली मराठी मात्र युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संचाची. जुनी जोडणीही ‘लॅटिन-१’ असल्यामुळे अक्षरं जशी गेली तशीच परत यायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. युनिकोडच्या नव्या जोडणीनं प्रामाणिकपणे रूपांतर करायला घेतलं आणि एकेका अक्षराची तीन-तीन झाली. ही जुनी नावं परत मिळवता येणारी होती. नव्यानं भरलेली मराठी मात्र त्या टेबलांत नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसत होती, आणि प्रश्नचिन्हांतून नाव परत काढता येत नाही. तुमच्या प्रश्नाआधी केलेल्या थोड्या नोंदी तशा गेल्याच. दाखल नोंदवहीवरून पुन्हा भरल्या. (संगणक आल्यावर नोंदवही बंद करा म्हणणाऱ्या सभासदांनी हे वाचावं.)

तुमच्या जागी घाईचा माणूस असता तर त्यानं टेबल सरळ नव्या अक्षरसंचात बदलून टाकलं असतं आणि तो गोंधळ टेबलात पक्का बसला असता. तुम्ही आधी बॅकअप घ्यायला लावलात. मग लेखकांच्या छोट्या टेबलाची नक्कल करून, रकाना आधी ‘ब्लॉब’ (अक्षरसंच नसलेला, जसं भरलंय तसंच ठेवणारा प्रकार) आणि नंतर ‘यूटीएफ-८ एमबी-४’ (युनिकोडचा) केलात. जोडाक्षरं जागच्या जागी आहेत ना, हे माझ्याकडून वाचून घेतलंत, आणि मगच पुस्तकांच्या मोठ्या टेबलाला हात लावलात.

मधे एकदा वैतागून मी म्हटलं होतं, ‘जुनं पीएचपीच परत द्या ना.’ तुम्ही म्हणालात, ‘देता येईल, पण पुढच्या वेळी मी या नोकरीत असेन की नाही ठाऊक नाही.’ मला हे उत्तर फार आवडलं.

कंपनीला एकच मागणं: पुढच्या मेलमध्ये काय बंद पडणार तेही लिहा, आणि शक्यतो मराठीत.

कार्यकारिणीनं तुम्हाला आजीव सभासद करून घेतलं आहे. पत्ता कळवा, पुस्तकं टपालानं पाठवू. उशीर झाला तर दंड मात्र नियमाप्रमाणे पडेल.

आपली,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय