टूलरूम हलतेय, दिन्या

प्रिय दिन्या,

फार दिवस पत्र नाही. रागावला असशील तर रागव, पण आधी हे वाच. साचे घडवायची आमची टूलरूम बंद होतेय. त्या साच्यांत पत्रा दाबून भाग काढणारं प्रेसशॉप इथेच राहील, साच्यांचं काम तू आहेस त्या शहरात जाणार. मालक म्हणाले, "डायमेकर सगळे तिकडे, मग काम इथे ठेवून करू काय?" बाकीच्यांना ही साधी बदली वाटते. अण्णांच्या हाताखाली त्या खोलीत आपण काय काय शिकलो, ते तुलाच ठाऊक.

तब्येत बरी. गोळ्या चालू.

आपलं जुनं भांडण आठवतं? तू म्हणायचास, कारखाना वीज, जमीन आणि करसवलत बघून बसतो. मी म्हणायचो, हात बघून. तू नुसता आवाज चढवून जिंकायचास! आता ऐक. फाळणीत सियालकोटचे खेळसाहित्याचे कारागीर जालंधरला आले आणि तो धंदा तिथे रुजला. बॅटचं लाकूड काश्मीरचं; जालंधरला आले ते हात. ट्रान्झिस्टरच्या शोधातल्या शॉक्लीने १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूत प्रयोगशाळा काढली, त्यामागे जवळच पालो आल्टोत राहणारी आई हेही एक कारण होतं. पुढच्याच वर्षी आठ जणांनी त्याला सोडलं, तो परिसर मात्र सोडला नाही. त्यांची चिप कंपनी फेअरचाइल्ड तिथेच उभी राहिली आणि १९६८ मध्ये त्यांच्यातल्याच दोघांनी इंटेलही तिथेच काढली. ते आठ जण पांगले असते तर सिलिकॉन व्हॅली तिथे झाली नसती, असं मी आजही भांडून सांगेन.

मग जाणाऱ्याला अडवायचं का? ब्रिटनने कायदा करून अडवलं होतं. तरी सूतगिरणीतला सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये ओळख लपवून अमेरिकेच्या जहाजात बसला. यंत्र सगळं डोक्यात. पुढच्याच वर्षी तिथल्या पॉटकेट गावात कताई सुरू. १८२४ मध्ये कारागिरांवरची ती बंदी उठवावीच लागली.

आपली तीन पोरं तिकडच्या नोकरीसाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागतायत. मी देणार. त्यांच्या पोटावर पाय कशाला आणू? पण झोप लागत नाही ती मागे राहणाऱ्यांमुळे. साचा कुठे घासतोय हे अण्णा आवाजावरून सांगायचे. ते कुठल्या पुस्तकातून शिकवू? जुना माणूस गेला की शिकाऊ घडत नाही. शिकाऊ नाही म्हणून अवघड काम येत नाही, आणि नुसतं सोपं काम उरलं की हुशार पोरगं टिकत नाही. तू गेलास, रघ्याला बोलावलंस, रघ्याने मेहुण्याला. तुला दोष देत नाही. मीही तेच केलं असतं. पण तिकडे तिघांचं काम जमलं, इकडे तिघांचं शिकवणं थांबलं.

तैवानचं बघ. १९८० मध्ये सिंचूचं विज्ञान उद्यान काढलं आणि अमेरिकेत गेलेल्या इंजिनियरांना परत बोलावलं. बरेच आले, येताना ओळखी आणि कामंही घेऊन आले. तू कायमचा परत ये असं म्हणत नाही. पण सुट्टीला येशील तेव्हा दोन दिवस या पोरांना दे. आणि तुमच्याकडे ज्या छोट्या दुरुस्त्या तुंबतात, त्या इकडे पाठवता येतील का, तुझ्या साहेबांना विचार. हातात काम असेल तर मी इथे चार जण घडवू शकतो.

वहिनींच्या परीक्षेचं काय झालं? घराचा ताबा मिळाला का? छोटीला आशीर्वाद.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
बाळ्या