शहापूरच्या मास्तरांना, मनापासून थँक्यू

मास्तर, नमस्कार. हे पत्र तुम्ही टॉकबॅकवर, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीवर, ऐकणार म्हणून फोटोबिटो न जोडता सगळं टाईपच केलंय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण ॲप बनवणाऱ्या आणखी चार जणांच्या कानावर हे जावं असं मला खरंच वाटतंय.

पतसंस्थेचं ॲप तपासायला तुमच्याकडे घेऊन आले तेव्हा माझ्या मते काम संपलं होतं. अपंगांना ॲप वापरता येईल का ते तपासणारा गूगलचा ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर चालवला होता, त्यानं दाखवलेलं सगळं नीट केलं होतं, बटणं 48 डीपीची (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं माप), अक्षरांचा कॉन्ट्रास्ट 4.5 ला 1 च्या वर, प्रत्येक चित्राला लेबल. तुम्ही पेटी बाजूला सरकवली, मला चहा दिला आणि म्हणालात, "मी अडकलो तरी सांगायचं नाही, गप बसून बघ की."

आणि मी बघत बसले. बोटानं उजवीकडे सरकत गेलात तसा फोन म्हणत गेला, आयकॉन एक बटण, आयकॉन दोन बटण, आयकॉन तीन बटण. लेबल होतं की, पण कुठलं कशाचं ते कळेल तर शपथ! लेबल आहे का, दोघांना एकच तर नाही ना, हे स्कॅनर बघतो, पण त्यातून माणसाला काही कळतंय का ते त्याला कुठलं कळायला. मग खाते नंबरात एक आकडा चुकला, खाली लाल अक्षरात सूचना आली, ती फोननं वाचलीच नाही, आणि तुम्ही शांतपणे पुन्हा पुन्हा 'पुढे' दाबत राहिलात. ओटीपीला साठ सेकंद ठेवलेले. मेसेज उघडून, ऐकून, परत येईपर्यंत पान पहिल्यापासून सुरू. तीनदा झालं तसं. तिसऱ्या वेळी मला तिथं बसवेना.

भाषेचं तर तुमच्याशिवाय मला कधीच कळलं नसतं. आपल्या बेळगावात एकाच स्क्रीनवर मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही असतात. लिपी एकच म्हणून मराठी मजकूर तुमच्या फोनचा हिंदी आवाज वाचत होता, आणि कन्नड ओळ आली की आवाज गप्पच. कुठला मजकूर कुठल्या भाषेतला हे कोडमध्ये सांगावं लागतं, ते मी सांगितलंच नव्हतं. बाहेरगावच्या टेस्टिंग टीमला हे सापडलं असतं का? मला नाही वाटत, ती अडचण आपल्या इथलीच आहे.

केवायसीच्या सेल्फीत "डोळे मिचकावा" आलं तेव्हा तुम्ही फोन खाली ठेवलात आणि सुप्रीम कोर्टाच्या 30 एप्रिल 2025 च्या निकालाबद्दल सांगितलंत, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि त्यातली एक याचिका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांनी याच डोळे मिचकवण्यावरून केली होती. हे सांगताना तुमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. त्या रात्री खानापूरला घरी जाऊन मी निकाल शोधून वाचला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो स्क्रीन बदलायचा विषय काढला. वाद झाला, पण बदलला.

दुसऱ्यांदा आले तेव्हा दोन मिनिटांत बॅलन्स ऐकलात. मग हेडफोन काढून म्हणालात, आजपर्यंत पासबुक शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचो, माझे किती पैसे आहेत हे आधी त्याला कळायचं. मी नुसती मान हलवली, ती तुम्हाला दिसणार नव्हती हे नंतर लक्षात आलं, म्हणून उत्तर आता देतेय. मास्तर, तुमच्या त्या दोन दुपारींनी मला माझं काम शिकवलं. तुम्ही पैसे घेतले नाहीत, पण यापुढं असं तपासून देणाऱ्याला फी द्यायचीच असं ऑफिसात ठरवून घेतलंय, आणि पहिली तुमचीच आहे, नाही म्हणू नका.

कन्नड मेनूचं थोडं बाकी आहे. गुरुवारी नवीन व्हर्जन घेऊन येते, कुंदा पण आणते.

तुमची,
खानापूरची ॲपवाली