वरच्या भंगाराची बातमी पण छापा की

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

रॉकेट उडालं की आपल्या पेपरात पहिल्या पानावर फोटो असतो, चांगलंच आहे, पण वर गेलेलं सगळं खाली येत नाही, ते वरच फिरत बसतं, त्याच्या चार ओळी कुठंतरी आतल्या पानात. २०२२ च्या पाडव्याला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं आभाळातनं धातूची भलीमोठी रिंग पडली, चिनी रॉकेटची असावी असं तज्ज्ञ म्हणाले, तेव्हा दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला.

खाली पडलेलं दिसतं तरी, खरी भानगड वर आहे. युरोपच्या अंतराळ संस्थेच्या अंदाजानं पृथ्वीभोवती फिरणाऱ्या या भंगाराचे एक सेंटीमीटरपेक्षा मोठे तुकडे दहा लाखांच्या वर आहेत आणि स्पीड सेकंदाला सात-आठ किलोमीटर, म्हणजे सांगलीहून सातारा पंधरा-वीस सेकंदात! २००९ ला बंद पडलेला रशियन सॅटेलाईट चालू अमेरिकन सॅटेलाईटवर आदळला, दोन हजारांवर तुकडे झाले. सीझनला रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात बंद पडलेली असते ना, तसलाच प्रकार, फक्त इथं ट्रॉली पण पळतीय. चीननं २००७ ला मिसाईलनं स्वतःचाच सॅटेलाईट फोडला, त्याचे तुकडे अजून फिरतायत. आपणही २०१९ ला फोडला, तो ३०० किलोमीटर उंचीच्या आसपासच होता म्हणून बहुतेक कचरा लवकर जळाला, तरी फोडायलाच पाहिजे होता का हे मला काय पटलेलं नाही, देशद्रोही म्हणा पाहिजे तर.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. त्याच २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर पसरलंय ते सॅटेलाईटच्या फोटोंवरनं कळलं, आणि असले सॅटेलाईट नेमके ५०० ते ८०० किलोमीटर उंचीवरच्या या भंगाराच्या गर्दीतच फिरतात.

इस्रोनं मात्र एक काम झकास केलंय. जानेवारी २०२४ ला एक्स्पोसॅट नावाचा सॅटेलाईट ६५० किलोमीटरवर सोडला, मग रॉकेटचा उरलेला टप्पा ३५० वर खाली आणला, त्याच्यावर प्रयोग केले आणि मार्चमध्ये तो पॅसिफिकवर येऊन संपला, वर कचरा शून्य. २०३० पर्यंत सगळ्याच मोहिमा अशा करायच्या म्हणतायत. हे किती जणांनी वाचलं?

तेवढ्याला पण पहिल्या पानावर जागा द्या साहेब. आणि एक चौकट छापा, रानात असलं काही पडलं तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन असू शकतं, पोलीस पाटलांना नाहीतर तहसीलदारांना कळवा. आमच्याकडं भंगारवाला आधी पोचतो.

एक वाचक, तासगाव, जि. सांगली