पडतं घेण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

नफ्यावरून तुझा भागीदाराशी वाद चाललाय, त्याबद्दल काल फोनवर तू म्हणालीस, "जाऊ द्या बाबा, मीच पडतं घेतलं. धंदा टिकला पाहिजे ना." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. भागीदारीत असताना मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. भागीदाराची उचल वाढत गेली, मी वहीतले आकडे बघायचो आणि वही मिटून ठेवायचो. वाटायचं, आपण समजूतदारपणा दाखवतोय. आत मात्र साचत होतं. मग एका किरकोळ बिलावरून मी असा काही बोललो की आम्ही पुन्हा एकत्र बसलोच नाही. मी कशामुळे दुखावलो होतो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसणार. मी कधी सांगितलंच नव्हतं.

डीन प्रुइट आणि जेफ्री रूबिन या मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली मांडलेला एक विचार मला फार उशिरा वाचायला मिळाला. वादात माणूस कसा वागेल, हे दोन गोष्टींवर ठरतं: त्याला स्वतःची किती काळजी आहे आणि समोरच्याची किती. नुसती स्वतःची असली तर तो आपलंच घोडं दामटतो, नुसती समोरच्याची असली तर पडतं घेतो, दोन्ही नसल्या तर विषयच टाळतो. दोन्ही भरपूर असल्या तर दोघं मिळून वाट शोधतात. म्हणजे या काही एकाच तराजूची दोन पारडी नाहीत. त्याचं भलं बघायचं तर आपलं सोडावं लागतं, हे मी गृहीतच धरलं होतं. 2000 साली वाटाघाटींवरचे 28 अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातही हेच दिसलं: समोरच्याचं हित बघणाऱ्यांनी सहजासहजी माघार घेतली नाही, तेव्हाच दोघांना लाभेल असा तोडगा जास्त निघाला.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 मध्ये सांगितलेली गोष्ट तर अगदी साधी आहे. वाचनालयातल्या लहानशा खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. समोरच्याला मोकळी हवा हवी होती आणि यांना अंगावर वारा नको होता, एवढंच. अर्धी खिडकी उघडून दोघांचंही समाधान झालं नसतं.

तुमचा वाद मला तसाच वाटतो. तुझ्या भागीदाराला नफा वाटून घ्यायचाय, तुला तो धंद्यात ठेवायचाय. निम्मा-निम्मा केलात तर त्याचं घर भागणार नाही आणि तुझं मशीनही येणार नाही. त्याला पैसे कशासाठी हवेत, हे तू विचारलंयस का? घरखर्चाची ओढाताण असेल, तर दोघांच्या कामाचा ठरावीक मेहनताना दरमहा आधी काढा आणि उरलेल्या नफ्याचं वेगळं ठरवा. भांडवल बुडण्याची भीती असेल, तर मात्र मार्ग निराळा. आणि हे मशीन तुला का हवंय, कोणतं काम हातचं जातंय, हेही त्याला आकड्यांसकट सांग. तो चांगला मुलगा आहे. तू गप्प राहिलीस तर तुझं बरं बघायची संधी त्याला मिळणार तरी कशी?

येत्या आठवड्यात बसा दोघं. मोबाइल बाजूला, वही उघडी. बोलणं झालं की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
बाबा