कजा नमाजा, फुफींचा हिस्सा आणि अल्लाहची रहमत

प्रिय अम्मी आणि अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

अब्बा, इशाच्या, रात्रीच्या नमाजेनंतर तुम्ही बराच वेळ जानमाजवर बसून राहता आणि ‘आता या वयात कसली माफी’ असं पुटपुटता, हे अम्मीनं सांगितलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग मध्येच ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता. म्हणून लिहून पाठवतेय. अम्मी, तू वाचून दाखव. तुझ्या रोज्यांचंही यात आहे.

आधी ते वाक्य सोडा. गुनाह मोठा की लहान हे नंतर बघू, पण अल्लाहच्या रहमतीवरची आशा सोडणं हाच उलेमांनी मोठ्या गुनाहांत धरला आहे. कुराणातल्या सूरह जुमरची ५३वी आयत तुम्हाला पाठ आहे. ज्यांनी स्वतःच्या जिवावर ज्यादती केली, त्यांनाच अल्लाह तिथे ‘माझ्या बंद्यांनो’ म्हणून हाक मारतो, आणि सगळे गुनाह माफ करणारा आहे असं सांगतो. सूरह यूसुफची ८७वीही आठवा. प्रेषित याकूब अलैहिस्सलामांचा मुलगा यूसुफ कित्येक वर्षं बेपत्ता, दुसरा मुलगा मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकलेला, रडून रडून डोळे पांढरे झालेले. अशा वेळी ते मुलांना म्हणतात, जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, आणि अल्लाहच्या रहमतीबद्दल नाउमेद होऊ नका. आधी ‘जा, शोधा’ आणि मग ‘नाउमेद होऊ नका’. नुसतं बसून आशा धरा असं कुठेही म्हटलेलं नाही.

वयाचं म्हणाल तर तौबेचा, म्हणजे गुनाह सोडून माफी मागण्याचा, दरवाजा जीव घशाशी येईपर्यंत उघडा असल्याची हदीस, म्हणजे प्रेषितांचं (स.) वचन, तिर्मिजीच्या संग्रहात आहे. बहात्तरीला तो बंद होत नाही.

तौबेचे भाग तीन. तो गुनाह आत्ता थांबवायचा, झाल्याचं मनापासून वाईट वाटायला हवं, आणि पुन्हा न करण्याचा इरादा पक्का हवा. माणसाचा हक्क मारला असेल तर चौथा भाग येतो, हक्क परत करणं. वजू करून (हात-तोंड-पाय धुऊन) नमाजेच्या दोन रकअती, म्हणजे दोन फेऱ्या, पढून माफी मागावी, हे हजरत अबू बक्र यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. कुणासमोर कबुली द्यावी लागत नाही. उलट अल्लाहनं रात्री झाकलेला गुनाह सकाळी स्वतःहून लोकांना सांगत सुटणाऱ्याबद्दल बुखारीच्या हदीससंग्रहात फार कडक शब्द आहेत. तेव्हा मशिदीच्या पायरीवर मित्रांपाशी जुन्या दिवसांचं काढत बसू नका. आणि तौबेनंतर पुन्हा घसरलात तर आधीची तौबा वाया गेली असं होत नाही. त्या वेळचा इरादा खरा असला की झालं, नव्यानं तौबा करायची. एक बंदा गुनाह करतो, माफी मागतो, पुन्हा करतो, पुन्हा मागतो आणि दर वेळी माफ होतो, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. ‘आधी करू, मग तौबा करू’ हा बेत मात्र तौबेत बसत नाही.

आता ट्रकवरच्या बारा वर्षांत चुकलेल्या नमाजा आणि त्यांची कजा, म्हणजे त्या नंतर पढून फेडणं. तुम्ही त्या ‘न मोजता येणाऱ्या’ म्हणता. मोजता येतात. इस्लामी वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे बारा वर्षांचे साधारण ४,२५० दिवस. रोजच्या पाच फर्ज, म्हणजे सक्तीच्या, आणि आपल्या हनफी पंथात वाजिब (जवळपास सक्तीची) असलेली इशानंतरची वित्र धरून सहा. सुन्नतींची, म्हणजे प्रेषितांच्या रिवाजाप्रमाणे पढायच्या जादा नमाजांची, कजा नाही. एकूण पंचवीस हजारांवर नमाजा होतात. आकडा ऐकून छाती दडपते हे खरं, पण रोजच्या पाच नमाजांना आणि वित्रला एकेक जोडून पढलात की एक दिवस फिटतो. प्रत्येक वक्ताला दोन जोडल्या तर बाराची सहा वर्षं होतात.

यात तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे, ती बहुधा कुणी सांगितली नसेल. सफरमध्ये चुकलेल्या नमाजेची कजा सफरच्याच हिशेबानं होते. गावाच्या हद्दीबाहेर साधारण ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब निघालात आणि एका ठिकाणी पंधरा दिवस राहायचा इरादा नसला, तर हनफी फिकहात (धर्मनियमांत) तुम्ही मुसाफिर. मुंबई-बंगळूर लाइनवर तुम्ही कायम मुसाफिरच होतात. तेव्हा त्या दिवसांची दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरची असर आणि इशा दोन-दोन रकअतींची, पहाटेची फजर दोन, सूर्यास्तानंतरची मगरिब तीन, वित्र तीन. दिवसाच्या वीसऐवजी चौदाच रकअती. घरी सुट्टीवर असताना चुकलेल्या मात्र पूर्ण. वर्षातून किती दिवस घरी असायचा ते अम्मीला अचूक आठवेल, तिला विचारा. नक्की आकडा सापडला नाही तर मनाला जो जास्त पटतो तो धरायचा, थोडा वरचाच.

नीयत साधी ठेवा: ‘माझ्या जिम्मे असलेल्या फजरींपैकी सगळ्यात पहिली’. ती फिटली की पुढची आपोआप पहिली होते, तारखा आठवत बसायला नको. सूर्य उगवताना, बरोबर डोक्यावर असताना आणि मावळताना कजा पढायची नाही. फजरच्या आणि असरच्या फर्जनंतर नफिल (ऐच्छिक नमाज) चालत नाही म्हणून तुम्ही नुसतेच बसता, पण त्या वेळी कजा चालते. असरनंतर ऊन पिवळं पडायच्या आत उरका, एवढंच. चार रकअतींच्या फर्जमध्ये तिसऱ्या-चौथ्या रकअतीत फातिहाऐवजी (कुराणातल्या पहिल्या सूरहऐवजी) तीनदा सुब्हानल्लाह म्हटलं तरी भागतं. वित्रमध्ये तसं करू नका, तिथे तिन्ही रकअतींत फातिहा आणि सूरह लागते. रात्री तुम्ही आठ-आठ नफिली पढता, त्यांच्या जागी कजा घ्या. कर्ज डोक्यावर असताना दानधर्म वाढवण्यासारखं आहे ते.

गुडघ्यांचं म्हणाल तर प्रेषितांचे साथी इमरान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितलं की उभं राहून पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर. तरुणपणी चुकलेली नमाज आज बसून फेडता येते, कारण आजची ताकद बघतात. मात्र जमिनीवर कपाळ टेकून सजदा होत असेल तर खुर्चीची सवय लावून घेऊ नका. होतच नसेल तर इशाऱ्यानं, सजद्याला रुकूपेक्षा (कमरेतून वाकण्यापेक्षा) जास्त वाकून.

आणि रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला चार रकअती पढल्या की आयुष्यभराची कजा फिटते, हे जे कुणीतरी मोबाइलवर पाठवलं आहे ते पुसून टाका. त्याला काही आधार नाही. जिवंतपणी नमाजेचा फिद्याही, म्हणजे तिच्या बदल्यात गरिबाला धान्य किंवा पैसे, देता येत नाही. जेवढं उरेल तेवढ्यासाठी वसीयत लिहून ठेवायची, म्हणजे तुमच्यामागे मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतून दर नमाजेमागे एक फित्रा, म्हणजे रमजानमध्ये गरिबाला देतात तेवढं दान, आम्ही देऊ. वसीयतीत आकडा लिहा. वहीत महिन्याला किती फिटल्या ते मांडत गेलात तर आम्हाला पुढे अंदाज लावत बसावं लागणार नाही.

पूर्ण होतील का, हीच तुमची धास्ती ना? नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाची हदीस तुम्हीच सांगायचात. तो आधी एका आबिदाकडे, भक्तीत बुडालेल्या माणसाकडे गेला. आबिद म्हणाला, तुझ्यासाठी तौबा नाही. त्यानं त्यालाही मारून शंभर पुरे केले. मग आलिमाकडे, धर्माच्या जाणकाराकडे गेला. आलिम म्हणाला, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण येणार? पण ही वस्ती वाईट आहे, अमुक गावी चांगले लोक आहेत, तिकडे जा. तो निघाला आणि वाटेतच मेला. फरिश्त्यांनी अंतर मोजलं तर चांगल्या गावाकडे एक वीतभर जास्त जवळ निघाला, आणि सुटला. त्याच्या हातून एकही नेक काम पुरं झालेलं नव्हतं. मला यातला आबिद फार महत्त्वाचा वाटतो. इबादत भरपूर, इल्म नाही, आणि नाउमेद केलं ते त्यानंच. रोज रात्री तुम्ही स्वतःलाच त्या आबिदाचा जबाब देताय. पहिली कजा फजर पढलात की तुम्ही वाटेला लागलात. गाव गाठणं तुमच्या हातात नाही.

अम्मी, तुझं सोपं आहे. पाळीतल्या नमाजा माफच असतात, त्यांची कजा नाही. रोज्यांची आहे. वर्षाला सहा धरले तर पस्तीस वर्षांचे २१०, त्यातून जे धरलेस ते वजा कर. आता तू इन्सुलिनवर आहेस. डॉक्टरांना स्पष्ट विचार, थंडीत एखाद-दुसरा रोजा झेपेल का? डिसेंबरात आपल्याकडे रोजा बारा-सव्वाबारा तासांचा असतो, मे महिन्यात साडेचौदाच्या आसपास. झेपत असेल तर फिद्या चालणार नाही, थोडे थोडे धर. ते ‘नाही’ म्हणाले आणि पुढेही बरं व्हायची आशा नसेल, तर दर रोज्याला एक फिद्या, पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. रमजानमध्ये मशिदीत फित्र्याची जी रक्कम जाहीर होते तीच एका रोज्याची. एकदम द्यायची गरज नाही. गरजवंत भावा-बहिणीला चालतो, स्वतःच्या मुला-नातवंडांना नाही. साखर उतरली की चक्कर येते आणि तरी तू पाणी घेत नाहीस, हे मला कळलंय. जीव धोक्यात घालून रोजा ओढायला शरीयत सांगत नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते. अब्बा, रागावू नका.

नमाज-रोजा अल्लाहचा हक्क आहे, आणि तो माफ करणारा आहे. माणसाचा हक्क मात्र तो माणूस सोडेपर्यंत राहतो. मुस्लिमच्या संग्रहातली ‘मुफलिस’ची, म्हणजे कंगालाची, हदीस हीच आहे. नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन माणूस येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातील, आणि संपल्या तर त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील. तुम्ही रात्ररात्र रडता ते पंचवीस हजार नमाजांसाठी. दोन्ही फुफींच्या, तुमच्या सख्ख्या बहिणींच्या, हिश्शाचं नाव कधी निघत नाही.

दादांची, तुमच्या वडलांची, जमीन ३ एकर ८ गुंठे, म्हणजे १२८ गुंठे. ते गेले तेव्हा दादी होत्या, त्यांचा आठवा हिस्सा १६. उरले ११२, ते भावाला दोन आणि बहिणींना एकेक या हिशेबानं तुम्हाला ५६ आणि फुफींना २८-२८. पुढे दादी गेल्या, त्यांचे १६ पुन्हा तसेच वाटले की ८, ४, ४. म्हणजे तुमचे ६४ आणि दोघींचे ३२-३२. सातबाऱ्यावर मात्र तुमचं एकट्याचं नाव आहे. ‘त्यांनी मागितलंच नाही’ हे उत्तर नाही. बहिणी माहेर तुटेल म्हणून मागत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा सह्या केल्या असतील तरी लाजेकाजेनं किंवा दबावानं सोडलेला हक्क सुटत नाही. उलेमा सांगतात, आधी हिस्सा तिच्या हातात द्या, मग खुशीनं तिनं परत केला तर तो तुमचा. मोठी फुफी आता नाही म्हणून तिचा हिस्सा गेला असंही नाही, तो तिच्या नवऱ्याचा आणि मुलांचा. मी मुलगी आहे म्हणून बोलते असं समजू नका. भाईजाननाही हेच वाटतं, फक्त तुमच्यासमोर त्यांचं तोंड उघडत नाही.

सगळी जमीन द्यायला नको असेल तर आजच्या भावानं किंमत ठरवून हप्त्यानं देता येईल, त्या राजी असतील तर. पण लिहून, दोन साक्षीदारांसमोर. पहिला हप्ता मी आणि भाईजान घालू.

लोकांबद्दल पाठीमागे बोललो, त्याचं काय, असंही तुम्ही विचारलं होतं. त्यांच्या कानावर गेलं नसेल तर जाऊन सांगू नका, उगाच नवीन जखम होईल. त्यांच्यासाठी दुआ करा, आणि ज्या कट्ट्यावर वाईट बोललात त्याच कट्ट्यावर त्यांचं चांगलं बोला.

तरुणपणी भीतीचं पारडं थोडं जड असलेलं बरं आणि म्हातारपणी, आजारपणात आशेचं, असं बरेच उलेमा सांगतात. प्रेषितांचे साथी हजरत जाबिर सांगतात की वफातीच्या (निधनाच्या) तीन दिवस आधी प्रेषित (स.) म्हणाले, तुमच्यापैकी कुणीही अल्लाहबद्दल चांगला गुमान (समज) ठेवल्याशिवाय मरू नये. सय्यिदुल इस्तिगफार ही माफीची दुआ सकाळ-संध्याकाळ एकेकदा पढत जा. अम्मी, ‘अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन’ ही माफीची दुआ तुला येतेच.

मी रविवारी येते. तलाठ्याकडून ताजा सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा, जुना फेरफार पत्र्याच्या पेटीत असेल तो शोधा. तोवर धाकट्या फुफींना फोन करून जेवायला बोलवा. कारण सांगू नका, ते आल्यावर तुम्हीच सांगा.

तुमची लेक