वेन क्राउडर, त्या दोऱ्याच्या तपासणीबद्दल आभार

श्री. वेन क्राउडर यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी लिहिते. बायकांना तांबी बसवण्यात माझी सगळी नोकरी गेली. ती पुढे ओढून काढता यावी म्हणून तिला एक दोरा असतो. "सिस्टर, त्या दोऱ्यातून काही आत तर जाणार नाही ना?" असं त्या विचारायच्या. नाही, एकेरी दोरा आहे, म्हणजे एकाच सलग तंतूचा, असं मी बिनधास्त सांगायचे. हाच प्रश्न तुम्ही 1971 साली विचारला होता, हे फार उशिरा वाचलं.

व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचा तो कारखाना खरं तर ओठांना लावायच्या चॅपस्टिकचा. तुम्ही तिथे गुणवत्ता तपासायचात. मालक असलेल्या ए. एच. रॉबिन्स कंपनीने डाल्कन शील्ड हे तांबीसारखं गर्भनिरोधक साधन विकत घेऊन त्याचं काम तुमच्याकडे धाडलं. (गर्भाशयात बसवायची वस्तू लिपबामच्या कारखान्यात!) कडेला काटे असल्याने ते ओढून काढायला जोर लागे, म्हणून दोरा दणकट केला: नायलॉनच्या वेष्टणात शेकडो बारीक तंतू, टोकं उघडी. तुम्ही दोऱ्याचे तुकडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी दुसऱ्या टोकातून पाणी पिळता आलं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढलेलं. पाणी चढतं तर जंतूही चढणार, थेट गर्भाच्या पिशवीत. टोकं उष्णता देऊन बंद करा, असं तुम्ही सुचवलंत. दोरा तुमच्या अखत्यारीत येत नाही, असं वरिष्ठांनी सुनावलं. मन गप्प बसू देत नाही म्हणालात, तर मन तुमचा पगार देत नाही, हे उत्तर.

पुढचं जगाला माहीत आहे. एकट्या अमेरिकेत सुमारे 22 लाख बायकांनी ते बसवून घेतलं. पिशवीला आणि नळ्यांना सूज, गर्भ राहिलाच तर जंतुसंसर्गाने होणारे गर्भपात, कायमचं वंध्यत्व, काहींचा मृत्यू. जून 1974 मध्ये अमेरिकेतली विक्री थांबली, पण ज्यांच्या अंगात ते होतं त्यांच्या अंगात ते राहिलंच. गरीब देशांच्या कुटुंबनियोजनासाठी तर तेच साधन निर्जंतुक न करता, घाऊक, सवलतीच्या दरात दिलं गेलं. याचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो. आमच्यासारख्या सिस्टरांनीच ते कुठेतरी विश्वासाने बसवलं असणार.

1985 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि भरपाईसाठी तीन लाखांवर दावे आले. आम्हाला काही ठाऊकच नव्हतं, हा बचाव मात्र टिकण्यासारखा नव्हता. तुम्ही आपलं म्हणणं तोंडी सांगून सोडलं नव्हतं, ते लेखी कळवलं होतं. आणि पुढे साक्षही दिलीत.

मधल्या काळात तुमची नोकरी गेली. साहेबाने नाही म्हटल्यावरही कागदावर लिहून ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

आपली,
एक निवृत्त परिचारिका