फोममधली उष्णता आणि तुझी नवी लिंक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. नेटवर्कमध्ये नवी लिंक, म्हणजे दोन राउटरांमधली जोडणी, टाकतोयस असं लिहिलंयस. आणि फोममधून जाणारी उष्णता आणि नेटवर्कमधलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, दोघंही जवळची वाट शोधतात ना, असंही विचारलंयस. पॅकेटांपुरतं हो. उष्णता मात्र वाट शोधतच नाही.

फ्रेंच गणितज्ञ फूरियेने १८२२ मध्ये मांडलेला उष्णतावहनाचा नियम आठव. प्रत्येक ठिकाणी फक्त शेजारच्या तापमानातला फरक मोजायचा, त्या प्रमाणात उष्णता वाहते. फोममध्ये घन भिंतींचं जाळं असतं आणि मधे हवा. उष्णता सगळ्या वाटांनी एकदमच जाते, भिंतीतून जास्त, तेवढ्याच रुंदीच्या हवेतून बरीच कमी. स्थिर हवेची वाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन आणि पाण्याची ०.६, म्हणून ओल धरली की उष्णतारोधकाची वाट लागते. एरोजेल, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला अतिशय हलका घन पदार्थ, तर आणखी अवली! त्यातली छिद्रं इतकी बारीक, की हवेचे रेणू एकमेकांवर आदळण्याआधी भिंतीवरच आपटतात, आणि वाहकता मोकळ्या स्थिर हवेपेक्षाही खाली येते.

आता त्या फोममध्ये कुठेही एक धातूची तार खुपस. दोन्ही टोकांची तापमानं तीच ठेवलीस, तर वहन वाढेल किंवा तेवढंच राहील. कमी होणं शक्यच नाही.

नेटवर्कमध्ये ही हमी नाही. १९६८ मध्ये ब्राएस या जर्मन गणितज्ञाने ते रस्त्यांच्या बाबतीत दाखवलं. समज, दोन वाटा आहेत. प्रत्येकीवर एक अरुंद लिंक, तिच्यावर जितकी पॅकेटं तितके मिलिसेकंद. आणि एक रुंद लिंक, कायम ४५ मिलिसेकंदांची. एकीवर अरुंद आधी, दुसरीवर रुंद आधी. ४० पॅकेटं निम्मी-निम्मी वाटली, की प्रत्येकाला २० अधिक ४५, म्हणजे ६५ लागतात. मधे फुकटची आडवी लिंक टाक. जो तो स्वतःपुरतं बघून दोन्ही अरुंद लिंकांवर घुसतो आणि सगळ्यांनाच ८० लागतात. एकट्याने जुनी वाट धरली तर ८५, म्हणून मागे कोणी फिरत नाही.

विलंब बघून वाट बदलण्याचा ताप आर्पानेटनेही, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कनेही, भोगलाय. मोकळ्या लिंकवर सगळी वाहतूक उडी मारायची, ती तुंबली की पुन्हा पहिलीवर. शेवटी १९८७ मध्ये लिंकची किंमत मोजण्याची रीतच बदलावी लागली.

तुझा राउटर डायक्स्ट्राने, म्हणजे सगळ्यात स्वस्त वाट शोधायच्या रीतीने, वाट काढत असेल, तर प्रत्येक लिंकची कॉस्ट, म्हणजे किंमत, तूच ठरवतोस. आपोआप झुंबड उडणार नाही. पण नव्या लिंकची कॉस्ट सगळ्यात कमी ठेवलीस, तर ती झुंबड तू स्वतःच उडवशील. मी असतो तर आधी ती जास्तच ठेवली असती, फक्त मुख्य लिंक पडली तर वापरायला. तू किती ठेवणार आहेस ते कळव.

तुझाच मित्र